धावपळीच्या दिवसात ताण कुठे साचतो आणि तो तिथेच कसा उतरवायचा

ताणाबद्दलचे बहुतेक सल्ले ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. पहाटे उठून तासभर ध्यान करा, रोजनिशी लिहा, आठवड्यातून एकदा डोंगरावर जा. बदलापूरहून फोर्टात नोकरीला येणारी, घरी सासू-सासरे आणि दहावीतली मुलगी असलेली बाई हे वाचते आणि तिच्या यादीत न झालेलं आणखी एक काम वाढतं.

हा लेख मोकळा तास नसलेल्या दिवसासाठी आहे. पुढची काही वर्षं तो तास मिळणारही नाही, हे धरूनच चालू. माझं म्हणणं एवढंच, की कामं तितकीच राहिली तरी ताण कमी करता येतो. कारण बराचसा ताण कामात नसतो; एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत उडी मारतो त्या सांध्यावर तो साचतो. घर ते गाडी, गाडी ते ऑफिस, ऑफिस ते घर, घर ते झोप. या सांध्यांना दोन-पाच मिनिटं दिली तर फरक पडतो, आणि तेवढी मिनिटं गच्च दिवसातही सापडतात. उदाहरणं मुंबईच्या लोकलची घेतली आहेत. हिंजवडीची बस धरणाऱ्यांनी किंवा नाशिकला स्कूटरवरून कारखान्यात जाणाऱ्यांनी आपापल्या रस्त्याप्रमाणे बदल करून घ्यावेत.

आधी शरीराचं वेळापत्रक

गाडी सुटतेय असं दिसलं की काही सेकंदांत शरीराला सावध करणारं संप्रेरक अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. छाती धडधडते, हातपाय घट्ट होतात. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास मांडलं होतं. त्यामागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं, पण सावकाश. प्रसंग घडून गेल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी ते सर्वांत वर असतं आणि मग उतरू लागतं. दरम्यान दुसरं काही घडलं नाही, तर.

खरी गोम या ‘तर’मध्ये आहे. गाडी पकडल्याचा ताण उतरायच्या आत ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो, तो उतरायच्या आत शाळेतून फोन. एकही प्रसंग मोठा नसतो, पण शरीराला खाली यायला फुरसत मिळत नाही. अशा न उतरलेल्या ताणाची शरीर जी किंमत मोजतं, तिला ब्रूस मॅक्इवन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. वाढलेला रक्तदाब, पोटाच्या तक्रारी, उडालेली झोप, चिडचिड हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. त्यामुळे वर्षातून एकदा चार दिवस कोकणात जाऊन हे खातं रिकामं होत नाही. जाऊ नका असं नाही, जरूर जा. पण रोजचा ताण रोज उतरवायची सोय वेगळी लागते.

पायरी १ : तीन दिवस फक्त बघा

सोमवार ते बुधवार काहीही बदलू नका. मोबाइलमध्ये एक नोंद उघडून ठेवा आणि दात आवळले गेलेत, खांदे कानांपर्यंत चढलेत किंवा कुणावर तरी विनाकारण खेकसलात, असं लक्षात आलं की वेळ आणि जागा लिहा. ‘७.५०, डबा भरताना.’ ‘९.४०, लिफ्टच्या रांगेत.’ ‘८.१५, घरात शिरल्यावर.’ कारण लिहू नका. कारणं लिहायला बसलं की माणसं आठवतात आणि राग नव्याने येतो.

बुधवारी रात्री नोंद वाचा. बहुतेकांच्या दिवसात एक-दोन जागा पुन्हा पुन्हा येतात, बरेचदा सकाळी घर सोडताना आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकताना. खालच्या पायऱ्यांपैकी त्या जागेची पायरी आधी करायची. सगळ्या एकदम सुरू केल्या तर चौथ्या दिवशी सगळ्याच सुटतील.

पायरी २ : सकाळचे निर्णय आदल्या रात्री

सकाळी हात भराभर चालतात, अडतं ते डोकं. आज भाजी कोणती, कुठला ड्रेस इस्त्रीचा आहे, पास कुठल्या पर्समध्ये, मुलाला सुट्टे पैसे द्यायचेत का. एकेक प्रश्न किरकोळ, पण सात वाजून चाळीस मिनिटांनी तोच घाम फोडतो. म्हणून रात्री जेवणानंतरच्या दहा मिनिटांत कपडे काढून ठेवा, भाजी चिरून फ्रिजमध्ये, पास-किल्ल्या-चार्जर दाराजवळच्या एकाच टोपलीत. आठवड्याच्या डब्यांचा तक्ता रविवारी ठरवून फ्रिजवर लावा. मंगळवारी उसळ म्हणजे उसळ. त्यावर सकाळी चर्चा नाही. आठवड्यातून दोन दिवस पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या तर आकाश कोसळत नाही. डोंबिवली-ठाण्यातली ही केंद्रं नोकरीवाल्या घरांच्या जिवावर चालतात आणि त्या घरांनाही चालवतात.

आता थोडं अवघड. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती; घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ९७. ही दरी असेल त्या घरात बाईला श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे थट्टाच. इथे उपाय कामं वाटण्याचा आहे, आणि वाटायचं तर काम अख्खं वाटा. ‘जरा मदत कर ना’ म्हटलं की लक्षात ठेवायचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. दूध नवऱ्याकडे दिलं तर पिशवी आणणं, तापवणं, उतू गेलं तर ओटा पुसणं आणि दूधवाल्याचा हिशेब हे सगळं त्याच्याकडे. शाळेचा ग्रुप त्याच्याकडे दिला तर ‘उद्या ड्रॉइंगचा कागद न्यायचाय’ हेही त्यानेच बघायचं. पहिले पंधरा दिवस काम वाईट होईल. मध्ये पडू नका.

आणि एक. उठल्यानंतर अर्धा-पाऊण तास कॉर्टिसोल आपोआपच चढत असतं, शरीर त्यावरच जागं होतं. त्या वेळात ऑफिसचा ग्रुप उघडायचा नाही. कळायचं ते साडेआठलाही कळतं.

पायरी ३ : प्रवासात शक्य तेवढं ठरलेलं असू द्या

स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग या संशोधकाने १९७६ च्या सुमारास स्टॉकहोमला रोज रेल्वेने येणाऱ्यांच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनलिन मोजलं. प्रवास लांबचा असूनही पहिल्या स्टेशनात चढणाऱ्यांमध्ये ते मधल्या स्टेशनात चढणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. पहिल्यांना जागा निवडता येत होती, कुणाशेजारी बसायचं हे ठरवता येत होतं. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या रेल्वे प्रवाशांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, प्रवास जितका बेभरवशाचा तितका ताण अधिक, असं दिसलं.

डोंबिवलीकरांना हे सांगायला स्वीडन लागत नाही. गाड्या जिथून सुटतात त्या मागच्या कल्याणला उलटं जाऊन तिथून बसून येणारे हेच गणित रोज मांडतात. वीस मिनिटं जास्त जातात, पण पुढचा तास आपल्या ताब्यात राहतो. ज्यांना जमतं त्यांनी अवश्य करावं. मात्र पास मागच्या स्टेशनापर्यंतचा काढा, नाहीतर तिकीट तपासनीस दिसला की वाचवलेला सगळा ताण व्याजासकट परत येतो.

उलटं जाणं जमत नसेल तर निदान नेहमीच्या गाडीच्या एक गाडी आधीची धरा. दहा मिनिटं लवकर निघणं झोपेतून कापून घ्यायचं नाही. वरची पायरी नीट झाली की ती तिथूनच सुटतात. ठरलेली गाडी आणि ठरलेला डबा यालाही महत्त्व आहे. ठाणं आल्यावर उठून दुसरीला बसायला देणारा, भाजी निवडणारा, वाढदिवसाला वडे वाटणारा गाडीतला ग्रुप म्हणजे फुकटची शुश्रूषा आहे. भजन मंडळाच्या डब्यात तर टाळांच्या तालावर श्वासही आपोआप लांबतो. ग्रुप रोज ऑफिसचीच गाऱ्हाणी उगाळणारा असेल, तर मात्र डबा बदललेला बरा.

उभ्याने प्रवास असेल तर? रेल्वेच्याच भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. अशा गर्दीत शरीर आखडणारच, म्हणून आधी शरीर सोडवा. दोन्ही पावलांवर सारखा भार. गुडघे किंचित सैल. हँडल धरलेला हात दर दोन स्टेशनांनी बदला. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट ठेवा, जीभ सैल. मग श्वास. नाकाने आत घ्या, भरल्यासारखा वाटला की वर आणखी छोटा घोट घ्या आणि मग सावकाश, लांबवर सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वास घेणाऱ्यांचा मूड, तितकाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. कारण साधं आहे. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. सोडणं लांबवलं की हा मंदपणा जास्त वेळ टिकतो. घाटकोपर ते कुर्ला एवढ्या अंतरात सहा-आठ आवर्तनं होतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या. दारात उभं असताना यातलं काही करायचं नाही, तिथे फक्त दांडा धरायचा.

मोबाइलवर गाडीची उशिराची खबर दर मिनिटाला बघू नका. उशीर तुमच्या बघण्याने भरून निघत नाही. एकदा बघा, ऑफिसात एक मेसेज टाका, मोबाइल खिशात.

पायरी ४ : ऑफिसात पोचताना आणि पोचल्यावर

सीएसएमटीहून हुतात्मा चौक चालत बारा-पंधरा मिनिटांवर आहे. शेअर टॅक्सीच्या रांगेतही जवळपास तितकाच वेळ जातो. चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटं भराभर चाललात तर पाच दिवसांत तेवढी भरतात. वेगळी जिम नको, वेगळे बूटही नकोत. पावसाळ्यात फोर्टातले रस्त्यालगतचे कमानींचे पदपथ आहेतच.

टेबलावर बसल्यावर पहिली पाच मिनिटं कागदावर आजची तीन कामं लिहा. सतरा नाही. मेल दिवसातून ठरावीक वेळांनाच बघण्याचा प्रयोग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसातून तीनदाच मेल बघण्याच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी नोंदवला गेला. सगळ्यांना तीनदा परवडत नाही, बँकेच्या काउंटरवर किंवा कॉल सेंटरमध्ये तर नाहीच. पण सूचनांचा आवाज बंद करून दर तासाला एकदा बघणं पुष्कळांना जमतं.

मध्येच कुणी हाक मारली तर उठण्याआधी अर्ध्या कामापाशी एक ओळ खरडा : ‘पान ४ पर्यंत तपासलं, पुढे जीएसटीचा आकडा.’ काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा मागेच राहतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं. ती एक ओळ लिहिली की तो तुकडा सुटतो.

डबा टेबलावर स्क्रीनसमोर खायचा नाही. एवढंच.

पायरी ५ : काम बंद करण्याची दहा मिनिटं

सहाला निघायचं तर पाच-पन्नासला नवं काम उघडू नका. उद्याची पहिली गोष्ट लिहा, राहिलेली कामं कुठल्या टप्प्यावर आहेत ते लिहा, टेबल आवरा. घरून काम करणाऱ्यांना याची गरज दुप्पट आहे, कारण त्यांच्या ऑफिस आणि घराच्या मध्ये गाडीच नाही. त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवून चप्पल घालून खाली एक चक्कर मारून यावं आणि मग ‘घरी’ यावं.

ऑफिसनंतरच्या मेसेजचं काय करायचं? खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत ‘राइट टू डिसकनेक्ट’चं खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क असावा, असं त्यात होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून तसा कायदा आहे. आपल्याला आपली रेघ आपणच ओढायची आहे, आणि ती भांडून ओढली तर टिकत नाही. आधी सांगून ठेवणं बरं : ‘सर, सात ते नऊ मी प्रवासात आणि घरी असते. तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी नऊनंतर बघते.’ फोन करायला साहेबही कचरतात, म्हणून खरोखर तातडीचं तेवढंच येतं. नऊनंतर एकदा बघायचं हे मात्र पाळा, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

पायरी ६ : दार उघडल्यावरची दहा मिनिटं

पायऱ्यांमधली सगळ्यात दुर्लक्षित हीच. दिवसभर ज्यांना शब्दाने दुखवलं नाही, त्याची भरपाई आपण दारात भेटणाऱ्या पहिल्या माणसावर करतो. तो माणूसही आपल्या दिवसाचा पाढा वाचायला आपलीच वाट बघत असतो. गॅस संपलाय, प्लंबर आला नाही, मुलाला गणितात कमी पडलेत. दोन थकलेली माणसं दारातच एकमेकांवर आदळतात.

दाराआधी थांबा. सोसायटीच्या बाकावर, जिन्याच्या वळणावर, रिक्षातून उतरल्यावर दोन मिनिटं. तिसऱ्या पायरीतला लांब श्वास पाच-सात वेळा. ऑफिसचा शेवटचा फोन घराबाहेरच संपवा. कानाला फोन लावून घरात शिरू नका. आत गेल्यावर हातपाय धुवा, कपडे बदला. बाहेरून आल्यावर आधी मोरीत जायचं ही आपल्या आजी-पणजीची शिस्त स्वच्छतेची होती. ताणालाही ती लागू पडते, कारण पाणी आणि घरचे कपडे मिळून शरीराला सांगतात की कामाची वेळ संपली.

मूल लहान असेल तर ते दहा मिनिटं थांबत नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही चुकीची. तिथे क्रम उलटा करा. पर्स खाली टाकून पहिली पाच मिनिटं जमिनीवर बसून फक्त त्याच्याशी, मग हातपाय. पोट भरलेलं मूल जसं गप्प बसतं तसंच लक्ष मिळालेलं मूलही थोडा वेळ सोडतं.

मोठ्यांना मात्र स्पष्ट सांगायचं. ‘आई, दहा मिनिटांत कपडे बदलून येते, मग बसून सगळं ऐकते.’ नवऱ्याला किंवा बायकोला : ‘आधी चहा घेऊ, मग प्लंबरचं बोलू.’ आणि मग खरंच बसून ऐका. काही घरांत हे सांगितलेलंही चालत नाही, ‘एवढं काय मोठं काम करून आलीस’ असं ऐकावं लागतं. तिथे दारापलीकडची दोन मिनिटं वाढवून पाच करा आणि ती कुणाला सांगू नका.

पायरी ७ : रात्र

झोप सगळ्यात शेवटी येते म्हणून सगळ्यात आधी कापली जाते. प्रौढाला रोज सात तास तरी लागतात. पाचला उठायचं तर दहाला अंथरुणात असायला हवं. हे गणित जुळत नसेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या अर्ध्याच लागू पडतील. मालिका, भांडी, मोबाइल यांतलं काय जाऊ शकतं ते बघा. भांडी सकाळी घासली तरी चालतात.

संध्याकाळच्या चहाकडे लक्ष द्या. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या कटिंगमधलं निम्मं कॅफिन अकराला अंगात असतं. चारनंतर चहा नको, हवाच तर अर्धा. झोप यावी म्हणून दोन पेग घेणाऱ्यांना डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप मोडते, आणि तीन वाजता टक्क जागे होऊन ते छताकडे बघत बसतात.

अंथरुणावर पडल्यावर उद्याची यादी डोक्यात फिरते, तिच्यावर कागद हाच उतारा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या छोट्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. जितकी बारीक यादी तितकी लवकर झोप. ‘बँक’ असं लिहू नका. ‘लंच टाइममध्ये बँक, केवायसीसाठी आधारची प्रत’ असं लिहा. वही आणि पेन वापरा, मोबाइल हातात घेतला की यादीऐवजी रील सुरू होतात.

पायरी ८ : बिघडलेला दिवस आणि रविवार

रुळांवर पाणी साचलंय, मूल तापाने फणफणलंय, वर्षअखेरीचे हिशेब. अशा दिवशी एकच सांधा धरा, शक्यतो दाराबाहेरची दोन मिनिटं, आणि बाकी सगळं विनासंकोच सोडून द्या. जेवायला खिचडी, मुलांच्या युनिफॉर्मला इस्त्री नाही, फोन करायचे राहिले तर राहिले.

रविवारी आठवड्याची सगळी राहिलेली कामं कोंबू नका. मेगाब्लॉकने प्रवासाची वाट लागतेच, तेव्हा दूरच्या नातेवाइकांकडचं बारसं असो की साखरपुडा, दोनपैकी एकाला घरातल्या एकानेच गेलेलं चालतं. वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी सगळीकडे जाण्याची प्रथा नोकरीवाल्या दोन माणसांच्या घरांसाठी झालेली नाही.

एवढ्याने भागत नसेल तर

छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, अचानक घाम आणि दम लागणं याला ताण समजून श्वासाचे व्यायाम करत बसू नका. थेट दवाखाना गाठा. सततची डोकेदुखी, वजनातला मोठा फरक, पाळीतले बदल यांची तपासणीही आधी करून घ्या. थायरॉइड किंवा रक्तक्षय असला तरी ‘ताणामुळे थकवा येतो’ असंच वाटत राहतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन उदास असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, दारूचं प्रमाण वाढत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन लावायचा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्यायचं. काय बोलावं हे सुचत नसेल तर पहिल्या पायरीतली नोंद समोर ठेवा आणि तीच वाचून दाखवा. पुढचे प्रश्न समोरचा माणूस विचारेल.